जड पाणी

दांडिया बाजारातील आमच्या जुन्या वाड्यात पाण्याच्या दोन जाती होत्या. एक नळाचे पाणी आणि दुसरे आडाचे. नळाचे म्हणजे आजव्याचे. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी शहराच्या पूर्वेस बांधविलेल्या तलावाचे पाणी 1892 साली बडोद्यात आले, आणि आमच्या आजीच्या बोलण्यात ते अखेरपर्यंत 'महाराजांचे पाणी' राहिले. पिण्यास, वरणास आणि देवाच्या अभिषेकास हेच पाणी. आडाचे पाणी धुण्याभांड्यास, अंगणात शिंपडण्यास, आणि नळ गेलेला असला तर नाइलाजाने आंघोळीस. आडाच्या पाण्यात डाळ शिजत नसे. साबण कितीही घासला तरी फेस न येता नुसता कळकट साका वर तरंगे. शाळेच्या पुस्तकात अशा पाण्याला 'दुष्फेन' असे भारदस्त नाव होते. घरात मात्र त्याला 'जड पाणी' म्हणत. गुजराती शेजारीही 'भारे पाणी'च म्हणत, त्यामुळे या एका बाबतीत तरी वाड्यात आणि वाड्याबाहेर भाषेचा प्रश्न नव्हता.

या जड पाण्याचा खरा पुरावा न्हाणीघरातील तांब्याच्या बंबात सापडे. वर्ष दोन वर्षांनी बंबाचे पाणी तापण्यास वेळ लागू लागला, लाकडे जास्त लागू लागली, की आजी तांबटाला निरोप धाडी. तो आतील पांढरट, खरखरीत कवच ठोकून ठोकून काढी, आणि त्याचे तुकडे अंगणात पडले की आम्ही मुले ते खडू म्हणून फरशीवर रेघोट्या ओढण्यास घेत असू. तांबट येईपर्यंत मधल्या काळात आजी चिंचेच्या कोळाने काम भागवी. कोळ लावून तो रात्रभर तसाच ठेवायचा, सकाळी हळूच चोळायचे. कोणी सुनेने घाई करून खरवडण्यास घेतले, तर आजी म्हणे, "अगं, पुटाबरोबर तांबे जाईल."

हे सगळे मला आठवण्याचे कारण म्हणजे एक पोहण्याचा तलाव. आणि तो आठवण्याचे कारण म्हणजे त्या तलावाबाबत माझ्या हातून झालेली एक चूक, जी मी आजवर सोसायटीच्या एका सभेखेरीज कोठे सांगितलेली नाही.

विक्रीकर खात्यातून 2016 साली निवृत्त झाल्यावर आम्ही उभयतांनी वाड्यातील हिस्सा भावाकडे सोपविला आणि भायलीकडे एका नव्या सोसायटीत घर घेतले. चाळीस घरे, एक छोटी बाग, आणि मधोमध पंधरा मीटर लांब नि सात मीटर रुंद असा निळा तलाव. घर पाहण्यास गेलो तेव्हा तो तलाव पाहूनच सौभाग्यवतींनी होकार दिला होता. त्यांचे गुडघे तेव्हा फार दुखत, आणि डॉक्टरांनी पाण्यात चालण्याचा व्यायाम सुचविला होता. पुढे दोन वर्षे त्या रोज सकाळी साडेसहाला कंबरभर पाण्यात पाऊण तास चालत. जिना चढताना कठड्याला धरणे त्यांनी त्या काळात सोडले, इतके मी स्वतः पाहिले आहे. तेव्हा त्या तलावाशी माझा संबंध केवळ पदसिद्ध नव्हता.

पदसिद्ध संबंध 2018 पासून आला. निवृत्त सरकारी अधिकारी दिसला की सोसायटीला मानद चिटणीस सापडतो. फायली नीट ठेवता येतात, ठराव लिहिता येतात, आणि दुपारी घरी असतो, एवढी पात्रता पुरते.

तलावाच्या काठावर, पाण्याच्या पातळीला लागून, फरशीवर एक पांढरा पट्टा दिसू लागला होता. आरंभी तो रांगोळीच्या रेघेएवढा होता. वर्षभरात चार बोटे रुंद झाला आणि हाताला कानशीसारखा लागू लागला. तळाचा भाग फरशीचा नव्हता. तेथे बांधणाऱ्याने खर्च वाचविण्यासाठी निळा इपॉक्सी रंग दिला होता. त्या रंगाचे उथळ बाजूला पीठ होऊ लागले. पायाच्या तळव्याला निळसर भुकटी लागे, आणि मुले ती एकमेकांच्या पाठीला पुसत. खोल बाजूला रंग बराच शाबूत होता. याचे कारण पुढे समजले ते असे की, इपॉक्सी हा चिकट आणि कणखर असला तरी सूर्याच्या अतिनील किरणांपुढे टिकत नाही. त्याचे वरचे कवच कुजून खडूसारखे होते. उथळ पाण्यातून ते किरण तळापर्यंत सहज पोचतात. आणि आमच्याकडचे ऊन काय असते ते या परिषदेच्या वाचकांस वेगळे सांगण्याची गरज नाही. मे महिन्यात दुपारी मांडवीच्या चार दरवाजांतून चालत जाणारा माणूस सावली मोजत जातो.

पांढऱ्या पट्ट्याचे कारण शोधण्यास मात्र मला कोणाकडे जाण्याची गरज नव्हती. मी महाराजा सयाजीराव विद्यापीठाचा रसायनशास्त्राचा पदवीधर. कॅल्शियमचे बायकार्बोनेट पाण्यात विरघळते, कार्बोनेट विरघळत नाही. पाणी तापले किंवा त्यातील कार्बन डायॉक्साइड उडून गेला की पहिल्याचे दुसऱ्यात रूपांतर होते आणि चुना खाली बसतो. हे मी 1977 साली उत्तरपत्रिकेत लिहून गुण मिळविले होते. पण पुढची छत्तीस सदतीस वर्षे दुसऱ्यांच्या हिशेबवह्या तपासण्यात गेली, आणि रसायनशास्त्र घरातील पितळी भांड्यांबरोबर माळ्यावर गेले.

हिशेबाचीच सवय असल्याने मी निदान हिशेब तरी मांडायला हवा होता. तो मी नंतर मांडला, आणि मांडल्यावर थक्क झालो. म्हणून आधी तोच देतो.

उन्हाळ्यात तलावाचे पाणी रोज कमी होत होते. गळती आहे की वाफ, हे पाहण्याची एक साधी रीत आहे. एक बादली पाण्याने भरून तलावाच्या पायरीवर अशी ठेवायची की, बादलीतील आणि तलावातील पातळी एक राहील. दोन्हींवर खूण करायची आणि आठ दिवसांनी पाहायचे. दोन्हीकडे सारखेच उतरले तर वाफ. तलावात जास्त उतरले तर गळती. आमच्याकडे दोन्हीकडे आठ दिवसांत सुमारे साडेपाच सेंटिमीटर उतरले, म्हणजे दिवसाला सात मिलिमीटर. आकडा किरकोळ वाटतो. पण पृष्ठभाग 105 चौरस मीटर असल्यामुळे ते रोजचे सातशे पस्तीस लिटर पाणी झाले, आणि महिन्याचे बावीस हजार लिटर. ही तूट आम्ही बोअरच्या पाण्याने भरून काढत होतो. बोअरच्या पाण्याचा प्रयोगशाळेचा दाखला सोसायटीच्या फायलीत पहिल्या दिवसापासून होता. त्यात कठिनता लिटरमागे सुमारे 600 मिलिग्रॅम लिहिली होती. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात 200 ही स्वीकारार्ह मर्यादा, आणि दुसरा स्रोत नसेल तर 600 पर्यंत चालवून घ्यावे, असे आहे. म्हणजे आम्ही मर्यादेच्या उंबऱ्यावर उभे होतो.

आता वाफ होते ती निव्वळ पाण्याची. चुना मागे राहतो. बावीस हजार लिटरमागे 600 मिलिग्रॅम म्हणजे महिन्याला तेरा किलो. फेब्रुवारी ते मे या चार महिन्यांत बावन्न किलो चुना आम्ही त्या तलावात आपल्या हाताने, सोसायटीच्या विजेने, पंप चालवून ओतला. सिमेंटच्या पोत्याएवढा! तलावात पाणी सव्वा लाख लिटर; तेव्हा दर महिन्याला त्याची कठिनता लिटरमागे शंभरने चढत होती. त्यात जंतुनाशक म्हणून आम्ही ब्लीचिंग पावडर टाकत होतो, जी स्वतःच चुन्यापासून बनते. आजीच्या बंबात दोन वर्षांत जे साचे, त्याची आम्ही चार महिन्यांत व्यवस्था केली होती.

आणखी एक गोष्ट. तलावाच्या एका टोकाला शोभेचा धबधबा होता. संध्याकाळी दिवे लावून तो सोडला की पाहुण्यांना फार आवडे. चुन्याचा सर्वांत जाड थर नेमका त्या धबधब्याखाली होता, पापडासारखा पदर सुटलेला. पाणी असे उसळले की त्यातील कार्बन डायॉक्साइड निघून जातो, सामू चढतो, आणि चुना बसतो. सोड्याची बाटली हलविली की वायू निघून जातो, तसेच हे. पण शोभेच्या वस्तूवर संशय घेणे माणसाला जमत नाही.

एप्रिल 2019 मध्ये एका मुलीचा पाय काठाच्या त्या कानशीवर घासून रक्त आले. पालकांनी तक्रार लिहून दिली. वर्गसुट्या तोंडावर होत्या. कार्यकारी मंडळाची बैठक झाली. दोन प्रस्ताव होते. एका व्यवसायी मंडळीचा प्रस्ताव असा होता की, तलाव रिकामा न करता पाण्याचा सामू थोडा खाली ठेवून, एक तृतीयांश पाणी मृदू पाण्याने बदलून, दोन अडीच महिने धीराने थर सैल होऊ द्यावा आणि मग घासून काढावा. दुसरा प्रस्ताव एका ठेकेदाराचा होता: तलाव रिकामा करून ॲसिडने धुऊन आठ दिवसांत चकचकीत करून देऊ. खर्च निम्मा. मी दुसऱ्याची शिफारस केली. सुट्या वाया जाऊ नयेत, दर कमी, काम लवकर. टिपणी मी इतकी मुद्देसूद लिहिली की कोणी चर्चाच केली नाही.

घरी सांगितले तेव्हा सौभाग्यवती पोळ्या लाटत होत्या. "अहो, पण ॲसिडने नुसता चुनाच जाईल का?" त्या म्हणाल्या. "फरशांच्या मधे जे भरलेय, तेही चुन्याचेच ना?"

मी म्हणालो, ठेकेदाराला अनुभव आहे.

मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात तलाव रिकामा केला. त्या दिवशी पारा त्रेचाळीसच्या घरात होता. पाण्याखाली राहण्यासाठी बसविलेल्या फरशा दोन दिवस उघड्या उन्हात तापल्या. ठेकेदाराचा माणूस पहिल्या दिवशी येऊन कॅन ठेवून गेला आणि दुसऱ्या दिवशी दहा वाजले तरी आला नाही. फोन केला तर म्हणाला, "साहेब, तुमच्या माणसाकडून ओतून घ्या, त्यात काही नाही." आमचा माणूस म्हणजे दाहोदकडचा एक तरुण, बावीस तेवीस वर्षांचा, जो बाग, पंप आणि तलाव तिन्ही पाहत असे. मी छत्री घेऊन काठावर उभा राहिलो आणि त्याला म्हणालो, "ओत."

ॲसिड पडताच फरशीवर पांढरा फेस उसळला. सुंदर दिसत होते, हे लिहिताना लाज वाटते, पण सुंदर दिसत होते. वर्षाचा थर डोळ्यांदेखत विरघळत होता. मग तो खोल बाजूच्या कोपऱ्याकडे गेला. तेथे तळाशी न विरघळलेल्या ब्लीचिंग पावडरचा लगदा साचलेला होता. झाडून काढलेला नव्हता. त्यावर ॲसिड पडले.

रसायनशास्त्राचा पहिल्या वर्षाचा विद्यार्थी सांगेल की, ब्लीचिंग पावडर आणि हायड्रोक्लोरिक ॲसिड एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. प्रयोगशाळेत आम्ही तो याच रीतीने तयार केला होता, धूरकोंडाळ्याच्या आत, काचेआडून. क्लोरीन हवेपेक्षा जड असतो, खड्ड्यात साचतो. आणि रिकामा तलाव म्हणजे खड्डाच. तो वास माझ्यापर्यंत आला तेव्हा मला एकाच क्षणात सगळे आठवले, पण तोवर तो तरुण खोकत गुडघ्यांवर बसला होता. पंपघरातील दुसऱ्या माणसाने आणि मी मिळून त्याला पायऱ्यांवरून वर ओढले. डोळे लाल, श्वास लागत नव्हता. दोन दिवस तो रुग्णालयात होता. वाचला, फुप्फुसास कायमची इजा नाही असे डॉक्टरांनी सांगितले. बिल मी भरले. त्यात काही विशेष नव्हते, ते माझेच होते. तो एकदाही काही बोलला नाही. मी बाजूला बसलो असताना तो उठून बसण्याचा प्रयत्न करी, कारण साहेबांसमोर निजून राहणे त्याला बरे वाटत नव्हते. हे मला त्याच्या खोकल्याहून अधिक लागले.

तलावाचे जे व्हायचे ते झाले. काठावरच्या फरशांमधील पांढऱ्या सिमेंटचे सांधे ॲसिडने पोखरले गेले. तापून प्रसरण पावलेल्या फरशांनी काही ठिकाणी तंबूसारखी पाठ उचलली. तळाचा रंग ॲसिडने आणखी खरबरीत झाला, आणि खरबरीत पृष्ठभागावर चुना आणि शेवाळ दोन्ही लवकर बसतात. म्हणजे मुळात ज्यासाठी हे केले तेच अधिक सोपे करून ठेवले. दुरुस्तीचा अंदाज तीन लाख चाळीस हजार रुपयांचा आला.

सर्वसाधारण सभेसाठी मला अहवाल लिहायचा होता. मी तो एका बैठकीत लिहून काढला. नोकरीतील हात होता. सौभाग्यवतींना वाचून दाखविला. त्यांनी ऐकून घेतले आणि विचारले, "यात तुम्ही कुठे आहात?" मी कागद पुन्हा पाहिला. 'तलाव रिकामा करण्यात आला', 'ॲसिड टाकण्यात आले', 'सफाईकडे पुरेसे लक्ष दिले गेले नाही'. तीन पानांत एकाही क्रियापदाला कर्ता नव्हता. कर्मणि प्रयोगाची ही सोय सरकारी मराठीने, गुजरातीने आणि इंग्रजीने आम्हाला सारखीच दिली आहे, आणि आयुष्यभर व्यापाऱ्यांच्या खुलाशांतील हीच युक्ती मी लाल शाईने अधोरेखित करीत आलो होतो. अहवाल फाडला. नवीन दीड पानाचा झाला. त्यात मी स्वस्त निविदेची शिफारस केली, मी त्या तरुणास ॲसिड ओतण्यास सांगितले, तळ झाडला आहे की नाही हे मी पाहिले नाही, असे लिहिले. सभेत तो मीच वाचला. शांतता झाली. मग एका सभासदाने विचारले की, दुरुस्तीची वर्गणी किती हप्त्यांत घेणार. तेवढेच.

चिटणीसपदाचा राजीनामा मी देऊ केला. तो कोणी घेतला नाही. दुसरा कोणी तयार नव्हता हेच त्याचे कारण असावे.

त्यानंतर मी अभ्यासास बसलो, तेही उशिराच. कॅलिफोर्निया विद्यापीठातील लँगेलियर नावाच्या प्राध्यापकाने 1936 साली शहरांच्या जलवाहिन्यांसाठी एक निर्देशांक मांडला. पाण्याचा सामू, तापमान, कॅल्शियम, क्षारीयता आणि विरघळलेले एकूण क्षार यांवरून ते पाणी चुना टाकणार की चुना खाणार हे त्यावरून कळते. उत्तर शून्याच्या आसपास असावे. धन आले तर पाणी आपल्याजवळचा चुना जेथे मिळेल तेथे टाकते. ऋण आले तर जेथे मिळेल तेथून ओढून घेते, मग तो फरशीच्या सांध्यातील का असेना. मला या शोधाची गंमत अशी वाटली की, पाणी सावकारासारखे वागते: देणे नाही तर घेणे. अगदी मृदू पाणीही तलावाला मानवत नाही. कॅल्शियमची कठिनता 200 ते 400 च्या दरम्यान, सामू 7.2 ते 7.6 च्या आसपास आणि क्षारीयता 80 ते 120 ठेवावी, असा साधारण दंडक आहे. गरम पाण्यात चुना कमी विरघळतो, म्हणून उन्हाने तापलेल्या काठाच्या फरशीवर, जेथे वाफही होते आणि ऊनही लागते, तेथेच पहिला पट्टा उमटतो. बंबातही कवच आगीच्या नळीलगतच असे, हे तेव्हा आठवले.

उन्हाचा दुसरा पराक्रम म्हणजे तो क्लोरीन खातो. भर दुपारच्या उन्हात उघड्या तलावातील निम्मा क्लोरीन तासाभरातच नाहीसा होतो. मग माणूस आणखी पावडर टाकतो, त्याबरोबर आणखी चुना. यावर उपाय म्हणून सायन्युरिक ॲसिड थोडेसे, लिटरमागे 30 ते 50 मिलिग्रॅम, पाण्यात ठेवतात. ते क्लोरीनला ऊन लागू देत नाही. जास्त झाले तर क्लोरीन इतका जपला जातो की जंतू मारण्याचेच विसरतो. आमच्या एका जुन्या कचेरीतील एक दोन अधिकारी मला येथे आठवले, पण ते असो.

जुलै महिन्यात दुरुस्ती झाली. उचललेल्या फरशा काढून नव्या बसविल्या, सांधे इपॉक्सीचे भरले, कारण ते आम्लाला सिमेंटपेक्षा पुष्कळ दाद देत नाहीत. तळाचा रंग पूर्ण खरवडून तेथेही काचेच्या बारीक फरशा लावल्या. काचेचा रंग काचेच्या पोटात असतो, उन्हाने त्याचे पीठ होत नाही. खर्च वाढला, पण या वेळी चर्चा झाली आणि ठराव बहुमताने, एकमताने नव्हे, मंजूर झाला. मला ते बरे वाटले.

पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले एक शेजारी त्या महिन्यात रोज सायंकाळी येऊन एकच गोष्ट सांगत: "तलाव पावसाळ्यात रिकामा ठेवू नका." आपल्याकडची काळी जमीन पाणी पिऊन फुगते, भूजल वर येते, आणि रिकाम्या तलावाला खालून होडीसारखे उचलते. आतील पाण्याचे वजनच त्याला जागी धरून ठेवते. त्यांच्या आग्रहामुळे आम्ही सांधे सुकताच, जुलैच्या अखेरच्या आठवड्यात, नर्मदेच्या पाण्याचे टँकर मागवून तलाव भरला. 31 जुलै 2019 रोजी बडोद्यात वीस इंचांच्या आसपास पाऊस एका दिवसात पडला. विश्वामित्री काठ सोडून आली, आणि मगरी रस्त्यांवर आल्याची चित्रे देशभर गेली. आमच्या सोसायटीत पाणी गुडघ्याएवढेच होते. पण दुसऱ्या दिवशी सकाळी चाळीस घरांतील माणसे आधी काठ्या घेऊन तलावाकडे गेली. तलावात दोन बेडूक आणि कोणाची तरी एक चप्पल होती. तळ जागेवर होता.

तेव्हापासून बोअरचे पाणी तलावात जात नाही. गच्चीवरचे पावसाचे पाणी गाळून एका टाकीत घेतो आणि तेथून तूट भरतो. टाकी संपली की नर्मदेचा टँकर. केवळ पावसाच्या पाण्याने तलाव भरला असता तर सांधे गेले असते, कारण ते फारच मृदू. टँकरच्या पाण्यात मिसळले की मेळ बसतो. मार्च ते जून तलावावर हिरवी जाळी ताणतो. काही सभासदांना ती दृष्टीस बरी वाटत नाही, गोठ्यासारखे दिसते म्हणतात. जाळी लावल्यावर बादलीतील पातळी आठ दिवसांत साडेतीन सेंटिमीटरच उतरली, आणि क्लोरीनचा खर्च बराच खाली आला. धबधबा दिवाळीला आणि स्नेहसंमेलनाला तेवढा सोडतो. काठावर कोठे पट्टा उमटू लागला तर पंधरा दिवस सामू 7.2 पर्यंत खाली आणून ठेवतो आणि मग नायलॉनच्या ब्रशाने घासतो. ॲसिड लागलेच, तर ते पाण्यात घालतो, पाणी त्यात कधीच नाही, आणि ते मी स्वतः चष्मा, हातमोजे घालून करतो. क्लोरीनचे आणि ॲसिडचे डबे आता दोन वेगळ्या खोल्यांत आहेत, किल्ल्याही वेगळ्या.

तो दाहोदचा तरुण त्या वर्षीच्या दिवाळीनंतर हालोलच्या एका कारखान्यात लागला. शिफारस मी लिहून दिली होती. मागील वर्षी तो एकदा या बाजूला कामासाठी आला असता घरी येऊन गेला. सौभाग्यवतींनी त्याला खाऊ घातले. मग त्याने स्वतःच तलाव पाहू का म्हणून विचारले. काठावर बसून त्याने पाण्यात हात घातला, फरशीच्या कडेवरून बोट फिरविले, आणि बोट नाकाशी नेऊन वास घेतला. "आता वास नाही येत, साहेब," तो म्हणाला.

मी त्याला वही दाखविली. 2019 च्या ऑगस्टपासून रोज सकाळी सहा वाजता सामू, क्लोरीन आणि बादलीतील पातळी मी तीत लिहितो. तिसरी वही चालू आहे. त्या दिवशीच्या नोंदीत सामू 7.4 होता. त्याने तो आकडा वाचला, मान हलविली, आणि विचारले की, पंपाचा वाल्व अजून डावीकडूनच अडकतो का. अडकतो, मी म्हणालो. मग आम्ही दोघे पंपघरात गेलो आणि त्याने तो काढून, ग्रीस लावून, पुन्हा बसवून दिला.